दीड दिवसाची चाल : पेनसिल्व्हेनियातल्या १७३७ च्या जमीनखरेदीचं प्रकरण

१७३५ मध्ये गुस्तावुस हेसेलियस या स्वीडिश चित्रकारानं लेनापे या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी समाजाच्या दोन प्रमुखांची तैलचित्रं काढली. एकाचं नाव लॅपोविन्सो, दुसऱ्याचं टिशकोहन. दोघांच्या अंगावर निळं कांबळं आहे, गळ्यात तंबाखूचा चामडी बटवा आहे, आणि दोघांच्या चेहऱ्यावर दमल्यासारखा गंभीर भाव आहे. पाहुण्यांच्या मुलांना सांगावं, "बसा, बोलू आपण," असे ते चेहरे. चित्रं काढून घेतली होती जॉन पेननं, म्हणजे पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या मुलानं.

दोन वर्षांनी याच दोघांच्या निशाण्या एका दस्तावर उमटल्या. त्या दस्ताच्या जोरावर पेन घराण्यानं डेलावेअर नदीच्या पश्चिमेचा सुमारे १२०० चौरस मैलांचा मुलूख, म्हणजे साडेसात लाख एकरांहून जास्त जमीन, ताब्यात घेतली. अमेरिकेच्या इतिहासात हा व्यवहार 'वॉकिंग परचेस' म्हणून ओळखला जातो. त्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण एका धावण्याच्या शर्यतीपाशी थांबतात. गोऱ्यांनी चालायचं कबूल केलं आणि धावले, जमीन लुबाडली, संपलं. कागदपत्रांचा क्रम नीट लावला की मात्र दिसतं की धावणं हा या प्रकरणातला सर्वांत उघड आणि म्हणून सर्वांत कमी धोक्याचा भाग होता. खरी फसवणूक धावण्याच्या आधी एका खरेदीखतात आणि एका नकाशात झाली, आणि धावून झाल्यावर एका रेघेत.

बापाची पुण्याई

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा अ‍ॅडमिरल पेनचं १६,००० पौंडांचं देणं लागत होता. अ‍ॅडमिरल वारल्यावर ते देणं फेडायला राजानं ४ मार्च १६८१ च्या सनदेनं त्याच्या मुलाला, विल्यम पेनला, समुद्रापलीकडचा एक अख्खा प्रांत देऊन टाकला. राजानं तो प्रांत कधी पाहिला नव्हता. तिथे लेनापे लोक राहत होते, ज्यांना इंग्रज नदीच्या नावावरून 'डेलावेअर' म्हणत. कर्ज इंग्लंडमधलं, ऋणको इंग्लंडमधला, आणि फेड तिसऱ्याच माणसाच्या घरातून.

पेन स्वतः क्वेकर, म्हणजे शांतता आणि समानता मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, होता आणि ही विसंगती त्याला दिसत होती. राजाची सनद हाती आली म्हणून जमीन आपली झाली, असं त्यानं मानलं नाही. ऑक्टोबर १६८१ मध्ये त्यानं तिथल्या प्रमुखांना पत्र लिहिलं, त्यातलं म्हणणं असं की राजानं मला हा प्रांत दिला आहे, पण तुमच्या प्रेमानं आणि संमतीनं तो भोगावा, शेजारी आणि मित्र म्हणून राहावं, अशी माझी इच्छा आहे. त्यानंतर त्यानं जमिनीचा एकेक तुकडा, त्यावर हक्क सांगणाऱ्या प्रत्येक प्रमुखाशी बोलून, विकत घेतला. मोबदल्यात कांबळी, किटल्या, बंदुका, कुऱ्हाडी, कुदळी, सुऱ्या आणि वाम्पुम, म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा, दिल्या. वसाहतींमध्ये राजाच्या सनदेचा एक हक्क आणि मूळ रहिवाशांकडून खरेदीचा दुसरा हक्क अशी दुहेरी रचना सगळीकडेच होती. दुसरा हक्क मनापासून पाळणारे मालक थोडे होते, आणि पेन त्यांत मोडतो.

लेनापेंच्या बाजूनं या खरेद्यांचा अर्थ इंग्रज वकिलाच्या अर्थासारखा नव्हता. त्यांच्याकडे शेतीची आणि शिकारीची जमीन कुळाकडे असे, आणि हक्क आईकडून येई. बाहेरच्या माणसाला जमीन देणं म्हणजे त्याला आपल्यात बसायला जागा देणं. भेटवस्तू घ्यायच्या, नातं जोडायचं, आणि दरवर्षी किंवा गरज पडेल तशी त्या नात्याची उजळणी करायची. नदीत मासे धरायचा, ओसाड राहिलेल्या भागात शिकार करायचा आपला हक्क संपला असं त्यांना वाटत नसे. पेनच्या हयातीत हा फरक फारसा बोचला नाही, कारण वसाहत लहान होती, जंगल पुष्कळ होतं, आणि तंटा झाला तर पेन पुन्हा बसून बोलायला तयार असे. कधी कधी तीच जमीन तो दुसऱ्यांदाही विकत घेई.

या पन्नासएक वर्षांत लेनापेंना एक गोष्ट पटली, की पेनच्या माणसांनी आणलेल्या कागदावर विश्वास ठेवता येतो. पुढच्या प्रकरणात हाच विश्वास गहाणासारखा वापरला गेला. शेजारच्या एखाद्या दांडगाईखोर वसाहतीत असा दस्त पुढे केला असता तर कुणी निशाणी केली असती का, याची मला शंका आहे.

मुलं, कर्ज आणि लोखंड

विल्यम पेन व्यवहारात कच्चा होता. कारभाऱ्यानं फसवलं, कर्जापायी १७०८ मध्ये त्याला तुरुंगवास घडला, आणि १७१८ मध्ये तो वारला तेव्हा मुलांच्या वाट्याला एक विशाल प्रांत आणि तितकंच मोठं देणं आलं. जॉन, थॉमस आणि रिचर्ड या तिघांतला कर्ता थॉमस. तो १७३२ मध्ये फिलाडेल्फियात आला. जमिनीचा भाव त्यानं १०० एकरांना साडेपंधरा पौंड केला, शिवाय दर एकरी अर्धा पेनी सालीना खंड. विकायला जमीन असेल तरच हा भाव कामाचा. जर्मन आणि स्कॉट-आयरिश निर्वासितांची जहाजांवर जहाजं येत होती आणि फिलाडेल्फियाजवळची चांगली जमीन संपत आली होती.

सगळ्यांचा डोळा होता 'फोर्क्स'वर. लीहाय नदी डेलावेअरला मिळते ती दुबेळक्याची जागा, आज जिथे ईस्टन शहर आहे. चुनखडीची काळी कसदार माती, दोन नद्यांचं पाणी, वर डोंगराची भिंत. तिथला प्रमुख होता न्यूटिमस. आणि ही जमीन विकत घेतलेली नव्हती, हे पेनचा जुना सचिव जेम्स लोगन याला पक्कं ठाऊक होतं. फोर्क्सच्या दक्षिणेला डरहॅम इथे १७२७ मध्ये लोखंडाची भट्टी उभी राहिली. लोगन तिच्यातला एक भागीदार, आणि ती जागा घेताना त्यानंच न्यूटिमसची संमती पैसे मोजून मिळवली होती. ज्याचा हक्क नाही त्याला कुणी पैसे देत नाही. प्रकरणातला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो लेनापेंच्या तोंडून आलेला नाही, लोगनच्या स्वतःच्या व्यवहारातून आलेला आहे.

दरम्यान फोर्क्समधली जमीन, खरेदी व्हायच्या आधीच, विल्यम अ‍ॅलनसारख्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या नावावर चढू लागली होती. अ‍ॅलनही त्या भट्टीतला भागीदार. १७३५ मध्ये थॉमस पेननं १,००,००० एकरांची सोडत जाहीर केली. ती बारगळली, पण तिच्यावरून पैशाची घाई किती होती हे कळतं. हातात नसलेला माल विकून बसल्यावर तो कुठून तरी आणावाच लागतो.

खत

कागदांच्या गठ्ठ्यातून एक जुनं खत निघालं, किंवा निघालं असं सांगण्यात आलं. तारीख २८ ऑगस्ट १६८६. त्यात म्हटलं होतं की लेनापे प्रमुखांनी विल्यम पेनला एक जमीन दिली. तिची सुरुवात राइट्सटाउनजवळच्या एका झाडापासून, आणि तिथून 'जंगलात एका माणसाला दीड दिवसात जितकं जाता येईल तितकं'.

अंतर दिवसांत मोजणं त्या काळी विचित्र नव्हतं. विल्यम पेनच्या अस्सल खतांतही घोड्यानं दोन दिवसांत जितकं जाता येईल तितकं, अशा सीमा सापडतात. जिथे मोजणीदार पोचलेला नाही तिथे पावलांनीच मोजायचं, आणि दोन्ही पक्ष साधारण एकाच चालीची कल्पना करत असल्यामुळे काम भागायचं. तेव्हा मोजमापाची पद्धत हे काही संशयाचं कारण नाही. संशयाचं कारण असं की जे हातात होतं ती फक्त एक नक्कल होती. मूळ खत कुठेच नव्हतं. नकलेवर सह्या नव्हत्या आणि मजकुरात रिकाम्या जागा सोडलेल्या होत्या. चाल कोणत्या दिशेनं जायची हा चतुःसीमेतला सर्वांत महत्त्वाचा तपशीलही नीट भरलेला नव्हता. कुठल्याही दुय्यम निबंधकाच्या टेबलावर असा कागद ठेवला तर तो नुसता परत करतील.

माझा अंदाज असा की १६८६ च्या सुमारास काहीतरी बोलणी झाली असावीत, मसुदा झाला असावा आणि व्यवहार पुरा झाला नसावा. मसुद्याला खत म्हणून पुढे करणं ही पहिली फसवणूक.

मे १७३५ मध्ये पेनच्या जुन्या वाड्यावर, पेन्सबरीला, न्यूटिमसला बोलावून हा कागद दाखवण्यात आला. तिथला एक संवाद पुढे लेनापेंच्या बाजूनं नोंदवला गेला. लोगननं विचारलं, तू तर नदीच्या पलीकडे, जर्सीच्या बाजूला जन्मलास, मग इथे तुझा हक्क कसा? न्यूटिमस म्हणाला, माझी आई इकडची, तिच्याकडून माझा हक्क आला. आणि त्यानं उलट विचारलं, तुम्ही तर या देशातच जन्मलेले नाही, मग तुमचा हक्क कसा? सगळ्या प्रकरणात या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

त्याच वर्षी वसंतात पेनच्या माणसांनी गुपचूप एक रंगीत तालीम करून घेतली. माणसं पाठवली, दीड दिवसात कुठवर जाता येतं ते पाहिलं, झाडांवर खुणा करून सर्वांत सरळ वाट ठरवली. म्हणजे अंतर किती पडणार हे एका पक्षाला सहीच्या दोन वर्षं आधी ठाऊक होतं. जो व्यवहार दुसऱ्या पक्षाला 'बघू किती होतं ते' अशा भाषेत सांगितला गेला, त्याचं उत्तर पहिल्या पक्षाच्या खिशात होतं.

तरी न्यूटिमस वळेना. मग लोगननं वेगळी वाट धरली. उत्तरेकडे इरोक्वॉय संघ होता, सहा राष्ट्रांचा, लेनापेंपेक्षा बलाढ्य. ऑक्टोबर १७३६ मध्ये त्यांचे प्रतिनिधी सस्क्वेहॅना नदीकाठच्या जमिनीचा व्यवहार करायला फिलाडेल्फियाला आले होते. तो आटोपून ते परतीच्या वाटेला लागल्यावर दुभाषी कॉनराड वायझरच्या मार्फत त्यांच्याकडून आणखी एक कागद करून घेण्यात आला. डेलावेअर नदीच्या बाजूवरचा आपला सगळा हक्क आम्ही सोडतो, असा. त्या बाजूवर इरोक्वॉयांनी कधी हक्क सांगितलाच नव्हता. नसलेला हक्क सोडून देण्यात त्यांचं काही गेलं नाही. पेनला मात्र हवं ते मिळालं, कारण लेनापे एकटे पडले.

नकाशा

२५ ऑगस्ट १७३७ रोजी फिलाडेल्फियात मॅनॉकिहिकन, लॅपोविन्सो, टिशकोहन आणि न्यूटिमस या चौघांनी जुन्या खताला दुजोरा देणाऱ्या दस्तावर निशाण्या केल्या. तोवर नाही म्हणणाऱ्या न्यूटिमसनं शेवटी निशाणी का केली? एक कारण वर आलं, पाठीशी कुणी उरलं नव्हतं. दुसरं कारण तो नकाशा.

सहीआधी त्यांच्यापुढे एक हातानं काढलेला नकाशा पसरला होता, आणि तो शिल्लक आहे. त्यात राइट्सटाउनहून वर जाणारी तुटक रेघ आहे, आणि तिच्या पुढे डेलावेअरला मिळणारा एक प्रवाह. त्या भागात राहणाऱ्या कुणालाही तो प्रवाह जागेवरून टोहिकन ओढा वाटावा, जो राइट्सटाउनच्या बराच जवळ आहे. नकाशावर मात्र त्याला नाव दिलं होतं 'डेलावेअरची पश्चिम शाखा'. ते इंग्रजांच्या तोंडी लीहाय नदीचं नाव. चित्र एका ओढ्याचं, नाव दुसऱ्या नदीचं. इंग्रजी वाचता न येणारा माणूस चित्र बघतो. इंग्रजी कोर्ट नाव बघतं.

लेनापेंचा समज असा झाला की टोहिकनच्या अलीकडची जमीन, जिथे गोरे आधीच येऊन बसले होते, ती लेखी देऊन टाकायची आणि फोर्क्स वाचवायचं. ज्यावर पाणी सोडलंच आहे ते कागदावर सोडायचं आणि बदल्यात तंटा मिटवायचा, हा हिशेब त्यांच्या बाजूनं पूर्ण शहाणपणाचा होता. न्यूटिमस भोळा होता असं कुणी लिहिलेलं वाचलं की मला राग येतो. समोर ठेवलेल्या चित्रावरून त्यानं बरोबर निर्णय घेतला. चित्र खोटं होतं.

चाल

१९ सप्टेंबर १७३७, सकाळी सूर्योदयाला राइट्सटाउनच्या क्वेकर प्रार्थनागृहाजवळच्या चेस्टनटच्या झाडापासून तिघं निघाले. एडवर्ड मार्शल, सॉलोमन जेनिंग्ज आणि जेम्स येट्स. तिघंही जंगलात वावरलेले, चालण्यात पटाईत. जो सर्वांत लांब जाईल त्याला ५ पौंड आणि ५०० एकर कबूल केले होते. बरोबर बक्स परगण्याचा शेरीफ टिमोथी स्मिथ, महामोजणीदार बेंजामिन ईस्टबर्न, शिधा लादलेले घोडे, आणि साक्षीला म्हणून काही लेनापे.

लेनापेंच्या मनातली दीड दिवसाची चाल कशी होती हे त्यांच्या नंतरच्या तक्रारींतून कळतं. नदीच्या काठानं, रुळलेल्या पायवाटेनं जायचं. काही मैल चालायचं, बसून चिलीम ओढायची, वाटेत एखादी खार दिसली तर मारायची, पुन्हा चालायचं. हे तिघं नदीची वाट सोडून, आधीच खुणा केलेल्या सरळ रेघेत, वायव्येला जंगलात शिरले आणि थांबेचनात. साक्षीला आलेले लेनापे मागून ओरडत राहिले की धावू नका, चाला. मग चिडून ते वाटेतूनच परतले.

जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला. संध्याकाळी मुक्काम पडला तो लॅपोविन्सोच्या गावाजवळ, लीहायच्या पलीकडे. म्हणजे जी नदी ओलांडलीच जाणार नव्हती ती पहिल्याच दिवशी मागे पडली होती. सकाळी लॅपोविन्सोकडे सोबतीला माणसं मागितली गेली. साक्षीदारांच्या जबान्यांनुसार तो म्हणाला की चांगली जमीन सगळी तुम्ही घेतलीच आहे, आता वाईटासाठी सैतानाकडे जा, मी माणसं देणार नाही.

दुसऱ्या दिवशी येट्स कोसळला आणि थोड्याच दिवसांत वारला. मार्शल एकटा ब्लू माउंटनची भिंत ओलांडून दुपारपर्यंत पुढे जात राहिला. अठरा तासांत सुमारे ६० मैल. आज जिम थॉर्प नावाचं गाव आहे त्या परिसरात त्याची चाल संपली. कबूल केलेली ५०० एकर जमीन त्याच्या पदरात पडली नाही.

रेघ

धावणं इथे संपलं, पण जमीन अजून ठरलेली नव्हती. चालीनं फक्त एक बाजू मिळाली. शेवटच्या टोकापासून पुन्हा डेलावेअर नदीपर्यंत दुसरी बाजू आखायची होती, आणि ती कशी आखायची हे खतात लिहिलेलंच नव्हतं. ती रिकामी जागा कुणाच्या तरी हातानं भरली जाणार होती.

लेनापेंच्या समजुतीप्रमाणे टोकापासून नदीच्या जवळच्या काठाला सरळ रेघ जायला हवी होती, म्हणजे साधारण पूर्वेला, जिथे नदी डोंगर फोडून बाहेर पडते त्या खिंडीच्या आसपास. महामोजणीदारानं रेघ चालीला काटकोनात, ईशान्येकडे काढली. त्या बाजूनं नदी स्वतःच दूर दूर वळत जाते. त्यामुळे रेघ नदीला भिडली ती थेट लॅकावॅक्सनच्या मुखाजवळ, डोंगराच्या कितीतरी वर. ती रेघ चालून पुरी करायला चार दिवस लागले. दीड दिवसाच्या जमिनीला चार दिवसांची सीमा!

शाळेतली भूमिती इथे उपयोगी पडते. आकार तोच ठेवून बाजू दुप्पट केली तर क्षेत्र दुप्पट होत नाही, चौपट होतं. धावून बाजू वाढवली, आणि मग कोन फिरवून आकारच बदलला. या एका रेघेत मिनिसिंक नावाचा वरच्या खोऱ्याचा मुलूखही गेला, जिथे मुन्सी लोक राहत आणि ज्याचा पेन्सबरीच्या बोलण्यांत विषयही नव्हता. मार्शल पायी चालला असता, चिलीम ओढत चालला असता, तरी त्या काटकोनानं हजारो एकर खेचून आणले असते. म्हणून मला धावण्यापेक्षा ही रेघ जास्त वाईट वाटते. धावणं साक्षीदारांसमोर झालं, त्यावर ओरडता आलं. रेघ मोजणीदाराच्या वहीत झाली.

दाद मागण्याची जागा

पुढे दोनतीन वर्षांत वसाहतवाले फोर्क्समध्ये आले. १७४० मध्ये लेनापेंनी बक्सचा न्यायाधीश जेरेमाया लँगहॉर्न याच्याकडे लेखी तक्रार केली की थॉमस पेन आम्हाला आमच्या जमिनीवरून उठवतो आहे. लँगहॉर्न हा डरहॅमच्या भट्टीतला आणखी एक भागीदार. तक्रार ऐकणारा आणि ज्याविरुद्ध तक्रार तो, एकाच वहीतले.

लेनापे उठेनात तेव्हा १७४२ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत इरोक्वॉयांचा वक्ता कॅनासाटेगो उभा राहिला. त्याला दस्त आणि नकाशे दाखवून ठेवले होते. त्यानं भर सभेत लेनापेंना सुनावलं की आम्ही तुम्हाला जिंकून बाया केलं आहे, बायांना जमीन विकता येत नाही, तुम्ही मागता ती जमीन तुमच्या पोटातून केव्हाच गेली आहे. चर्चेला वाव न देता त्यानं सस्क्वेहॅना नदीकाठच्या वायोमिंग आणि शमोकिन या दोन जागा सांगितल्या आणि निघायला फर्मावलं. पेनना स्वतः हात लावावा लागला नाही. ज्या समाजात जमिनीचा हक्क आईकडून येतो त्याला 'बाई' म्हणून जमिनीवरून हाकलणं, हे कुणाच्या मनात तेव्हा आलं असेल का कुणास ठाऊक.

बहुतेक जण गेले. काहींनी राहायची खटपट केली. मोझेस टॅटमी हा लेनापे दुभाषी होता, इंग्रजी जाणणारा, पुढे ख्रिस्ती झालेला. त्यानं इंग्रजांच्याच पद्धतीनं, पेनच्या कचेरीतून रीतसर, फोर्क्समधल्या ३१५ एकरांचं खत आपल्या नावावर करून घेतलं होतं. त्याला राहू दिलं. हे ३१५ एकर लक्षात ठेवा.

अठरा वर्षांनी हिशेब निघाला. १७५५ मध्ये फ्रेंचांनी इंग्रज जनरल ब्रॅडकची फौज मोडली आणि त्या शरद ऋतूत लेनापे पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर तुटून पडले. ज्या वस्त्या जळाल्या त्यांत १७३७ च्या त्या रेघेच्या आतल्या कितीतरी होत्या. पुढे एडवर्ड मार्शलची बायकोही मारली गेली. तिचा या प्रकरणात काहीही हात नव्हता. एप्रिल १७५६ मध्ये गव्हर्नर मॉरिसनं युद्ध पुकारलं आणि लेनापे पुरुषाच्या टाळूच्या कातड्याला १३० डॉलर, बाईच्या टाळूला ५० असा भाव लावला. विल्यम पेनच्या प्रांतात.

नोव्हेंबर १७५६ मध्ये ईस्टनला तहाची बोलणी झाली. गव्हर्नर डेनीनं लेनापेंचा पुढारी टीडियुस्कंग याला विचारलं, तुम्ही हत्यार का उचललं? टीडियुस्कंगनं जमिनीवर पाय आपटला आणि म्हणाला, माझ्या पायाखालची ही जमीन माझी होती, माझा वारसा होता, ती माझ्याकडून फसवून घेतली. फसवणूक म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यानं समजावून सांगितलं. एका माणसानं जमीन घेतली, खत केलं, तो मेला. मग त्याच्या मुलांनी तसंच दुसरं खत बनवलं, त्यावर त्याच माणसांची नावं घातली आणि न विकलेली जमीन घेतली, तर ती फसवणूक. तिथे हजर क्वेकरांनी सांगितलं आहे की हे ऐकताच प्रांताचा सचिव रिचर्ड पीटर्सनं लेखणी खाली टाकली आणि मालकांविरुद्धच्या तक्रारी आपण लिहून घेणार नाही असं म्हणाला.

पुढच्या वर्षी टीडियुस्कंगनं अट घातली की मला माझा स्वतःचा लेखनिक हवा. तो मिळालाही. चार्ल्स थॉमसन नावाचा तरुण शाळामास्तर, जो पुढे अमेरिकेच्या काँटिनेंटल काँग्रेसचा सचिव झाला. वीस वर्षं कागदानं गिळलेल्या माणसानं शेवटी मागितलं काय, तर आपल्या बाजूचा एक कागद. त्या १७५७ च्या बैठकीला येताना मोझेस टॅटमीच्या मुलाला, विल्यमला, वाटेत एका गोऱ्या पोरानं गोळी घातली आणि तो वारला.

चौकशी लंडनपर्यंत गेली आणि परत ईस्टनला आली. १७६२ मध्ये सर विल्यम जॉन्सन या, मूळ रहिवाशांशी व्यवहार पाहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे झालेल्या सुनावणीत, दबाव आणि भेटी यांच्या मध्ये सापडलेल्या टीडियुस्कंगनं बनावट खताचा आरोप मागे घेतला. एप्रिल १७६३ मध्ये वायोमिंगला तो झोपेत असताना त्याचं घर पेटवलं गेलं. तो आत जळाला.

त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या जाहीरनाम्यानं खासगी माणसांना मूळ रहिवाशांकडून जमीन घ्यायला बंदी केली, आणि त्याचं कारण देताना आजवरच्या खरेद्यांत मोठे गैरप्रकार झाल्याचं मान्य केलं. लेनापेंना त्याचा उपयोग नव्हता. ते तोवर ओहायोकडे सरकले होते. तिथून इंडियाना, मिसुरी, कॅन्सस, आणि शेवटी ओक्लाहोमा. काही कॅनडात, काही विस्कॉन्सिनमध्ये.

३१५ एकर

२००४ मध्ये ओक्लाहोमातल्या डेलावेअर नेशननं पेनसिल्व्हेनियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. बाराशे चौरस मैल त्यांनी मागितले नाहीत. मागितले फक्त टॅटमीचे ३१५ एकर. या दाव्यामागे जुगारगृह काढायचा बेत आहे अशी बरीच चर्चा झाली, आणि असेलही. त्यामुळे १७३७ चा दस्त खरा ठरत नाही.

कोर्टापुढे प्रश्न फसवणूक झाली की नाही हा राहिलाच नाही. झाली असं धरून चालू, असं कोर्टानं म्हटलं. मे २००६ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनिया ज्यात येतो त्या विभागाच्या, फेडरल अपील कोर्टानं निकाल दिला तो असा : राजाच्या सनदेमुळे थॉमस पेन हा त्या प्रांतात सार्वभौम सत्तेच्या जागी होता. मूळ रहिवाशांचा वहिवाटीचा हक्क संपुष्टात आणण्याचा अधिकार सार्वभौम सत्तेला असतो. तो तिनं कोणत्या रीतीनं, कोणत्या मार्गानं आणि केव्हा संपवला, हे कोर्टानं तपासायचा विषय नाही. फसवून संपवला असला तरी संपलाच. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं अपील ऐकायला नकार दिला.

ही वाट १८२३ पासूनची आहे. त्या वर्षी सरन्यायाधीश जॉन मार्शलनं जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात ठरवून टाकलं होतं की युरोपीय राष्ट्रानं भूमी 'शोधली' की तिची मालकी त्याची, मूळ रहिवाशांकडे उरतो तो फक्त वहिवाटीचा हक्क. पण त्या तत्त्वाला २००६ च्या निकालानं जी धार लावली ती मला जास्त अस्वस्थ करते. थॉमस पेननं स्वतः कधी म्हटलं नव्हतं की मी सार्वभौम आहे, मला खताची गरज नाही. तो वर्षानुवर्षं खतामागे लागला, नक्कल शोधली, तालीम घेतली, नकाशा काढला, चौघांच्या निशाण्या घेतल्या. संमतीशिवाय जमीन आपली होत नाही हे त्याला मान्य होतं, म्हणूनच त्यानं संमती बनवली. अडीचशेहून जास्त वर्षांनी कोर्टानं सांगितलं की तेवढी तसदीही घ्यायची गरज नव्हती.

त्या ३१५ एकरांवर आज घरं आहेत आणि मुलांचे मेणाचे रंगीत खडू बनवणारा क्रेयोलाचा कारखाना आहे. जवळच्या एका छोट्या गावाचं नाव टॅटमी आहे.